रंगमंचावरचे झाड छापील नको, उभे हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या भागातील लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नाताळच्या बालकार्यक्रमाची बोलणी सुरू होतात. कोणती गोष्ट बसवायची, कोणाला कोणते काम द्यायचे, गाणी कोणती घ्यायची हे सारे ठरते, आणि गोष्टीत एक झाडही आहे हे अगदी शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. मग कोणीतरी धुऱ्यावरच्या कडुनिंबाची मोठी फांदी तोडून आणतो, ती वाळूच्या बादलीत रोवली जाते आणि कार्यक्रमाची वेळ होईपर्यंत तिची पाने माना टाकतात. पूर्वी थर्माकोलची झाडे असत. २०१८ साली राज्यात प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यापासून ती कमी झाली आणि त्यांची जागा फ्लेक्सने घेतली. तालुक्याच्या गावाहून झाडाचे चित्र छापून आणायचे, मागच्या भिंतीला बांधायचे आणि जानेवारीत ते कोणाच्या तरी कुटाराच्या ढिगावर झाकण म्हणून टाकायचे, असा आता शिरस्ता पडला आहे.

आपल्या दैनिकाद्वारे माझी सर्व पाळक, संडे स्कूलचे शिक्षक आणि तरुण संघ यांना कळकळीची विनंती आहे की, जवळच्या चार-पाच गावांच्या मंडळ्यांनी मिळून एकदाच एक मोठे, भक्कम आणि सुटे करता येणारे झाड तयार करावे आणि ते वर्षानुवर्षे आळीपाळीने वापरावे. त्यात पैसा वाचतो हे खरे आहे, परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट मुलांची आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट घ्या. यरीहोचा हा मुख्य जकातदार ठेंगणा होता. गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून तो पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला, आणि येशूने त्या ठिकाणी आल्यावर वर पाहून त्याला नावाने हाक मारली व लवकर खाली उतरण्यास सांगितले. या प्रसंगाचा सारा प्राण त्या वर पाहण्यात आहे. फ्लेक्ससमोर जक्कय झालेला मुलगा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहतो, येशूचे काम करणारा मुलगा त्याच्या शेजारी उभा राहतो आणि दोघेही पाठ केलेली वाक्ये समोरच्या लोकांकडे पाहून म्हणून टाकतात. झाड खरोखर उभे असले की त्याच मुलांना वेगळे काही शिकवावे लागत नाही. गर्दीतील मुले टाचा उंचावतात, येशूचे काम करणाऱ्याची मान आपोआप वर जाते, आणि डोक्यावरच्या पानांतून बाहेर आलेला तो लहानसा चेहरा शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या आजीबाईंनाही दिसतो. ज्या मुलाच्या तोंडून सरावात शब्द फुटत नव्हता, तो फांदी बाजूला सारून बोलताना मी पाहिला आहे. लपायला, टेकायला, बोट दाखवायला काहीतरी हाती आले की मुलांचा संकोच निम्म्याने कमी होतो.

शिवाय पवित्र शास्त्रात झाडे काही थोडी नाहीत. एदेन बागेतील झाड, मम्रेच्या झाडांजवळ तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम, रतामाच्या झुडपाखाली थकून निजलेला एलीया, अंजिराच्या झाडाखाली असलेला नथनेल, पहिल्या स्तोत्रातील पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेले झाड, आणि ज्याच्या फांद्यांत पाखरे वस्तीला येतात ते मोहरीच्या दाण्यापासून वाढलेले झाड, या सर्वांसाठी खोड एकच चालते, फक्त पाने आणि फळे बदलावी लागतात. एदेन बागेसाठी बाजारातून सफरचंदे आणण्याचा आग्रह धरू नये, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नाव दिलेले नाही; मुलांनी मनाने केलेले, कुठल्याच ओळखीच्या झाडाला न लागणारे फळ अधिक शोभून दिसते. नाताळाच्या आधीच्या रविवारी यशयाच्या भविष्यवादातील इशायाच्या बुंधाला फुटलेला धुमारा दाखवायचा असेल तर खोडाचा फक्त खालचा भाग ठेवावा आणि त्यात एकच हिरवी डहाळी खोचावी. जिच्याखाली बसून दबोरा न्याय करीत असे त्या खजुरीसाठी मात्र हे झाड उपयोगाचे नाही, तेथे झावळ्यांची निराळी सोय करणे बरे.

आता ते करायचे कसे, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हौसेने केलेली बरीच झाडे पहिल्याच वर्षी मोडतात आणि मग पुन्हा फ्लेक्सवर येण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खोडासाठी सुतारापेक्षा बांबूचे विणकाम करणाऱ्या बुरड कारागिराकडे जावे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या हातांनी धान्याच्या कणग्या विणल्या, त्यांना वर निमुळते होत जाणारे, बुडाशिवायचे, पोकळ खोड विणणे अवघड नाही, आणि असे खोड लाकडी चौकटीवर ठोकलेल्या खोडापेक्षा वजनाने पुष्कळ हलके होते. आमच्या मंडळीने असे झाड केले तेव्हा आम्ही नऊ फूट उंचीचे खोड दोन सारख्या भागांत करून घेतले. खालच्या भागाचा बुडाशी व्यास तीस इंच आणि वर वीस इंच, वरच्या भागाचा खाली वीस इंच आणि टोकाशी चौदा इंच. ही मापे मुद्दाम देत आहे, कारण अशा उताराने विणल्यास कार्यक्रमानंतर वरचा भाग निमुळत्या टोकाकडून खालच्या भागात सरकवून ठेवता येतो आणि जागा निम्मीच लागते. जेथे दोन भाग जुळतात तेथे दोन्हींना आतून सळईचे कडे बांधून घ्यावे आणि चार ठिकाणी हाताने आवळता येणाऱ्या नटांचे बोल्ट टाकावेत. खिळा एकही नसावा. खिळ्याने जोडलेली वस्तू एकदा उपसली की पुन्हा तशी बसत नाही, आणि बाहेर राहिलेल्या टोकाने मुलांचे कपडे आणि हात फाटतात.

बांबू कोणता आणि केव्हाचा, याला फार महत्त्व आहे. आपल्या जंगलपट्ट्यातील मानवेल ही बांबूची जात जवळजवळ भरीव असते, त्यामुळे मधल्या दांड्यासाठी व फांद्यांसाठी तीच घ्यावी. पावसाळ्यात तोडलेला कोवळा बांबू कधीही घेऊ नये. त्यातील पिष्ट पदार्थांवर भुंगा लागतो आणि दोन वर्षांत खोडाखाली पिवळ्या भुकटीचे ढीग दिसू लागतात. पावसाळा संपल्यानंतर तोडलेला, तीन वर्षांहून जुना बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवला तर तो पुष्कळ टिकतो. हे पत्र ऑक्टोबरात लिहिण्याचे कारणही हेच आहे, डिसेंबरात जाग आली तर या गोष्टीला वेळ उरत नाही. २०१७ साली कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरचा बांबू विकत घेणे आता सोपे झाले आहे. ज्यांना हे काम नीट शिकून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र आणि चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही आपल्या विदर्भातीलच ठिकाणे आहेत.

सालीसाठी तागाचे जुने पोते सर्वांत चांगले. पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये खडूची भुकटी मिसळून त्यात पोते बुडवावे, पिळावे आणि हाताने उभ्या सुरकुत्या पाडत खोडावर ओढून दाभण व सुतळीने विणीला शिवून टाकावे. मैद्याची खळ स्वस्त पडते, परंतु ती उंदरांना आणि झुरळांना आमंत्रण देते. बुकबाईंडर खळीत मोरचूद घालत असत हे खरे असले तरी ते विषारी आहे आणि मुलांचे हात ज्या वस्तूला सतत लागणार त्यात ते घालणे मला मान्य नाही. त्याच कारणाने खताची किंवा कीटकनाशकांच्या गोदामात पडलेली पोती कितीही फुकट मिळाली तरी वापरू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किती घरे उजाडली हे आपल्या भागाला सांगण्याची गरज नाही.

रंग देताना आधी सगळ्या खोडाला गेरूत काजळी मिसळून गडद हात द्यावा आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखी रंग केवळ उंचवट्यांवरून ओढावा, म्हणजे खाचा काळ्या राहतात आणि दिव्यांच्या उजेडात साल खरी वाटते. पाहणारे लोक वीस-तीस फुटांवर बसलेले असतात, त्यांना बारीक रेघा दिसत नाहीत, उजेड आणि सावली यांतला फरक दिसतो. जक्कयाच्या उंबरासाठी लाल-केशरी कापडाची लहान फळे झुपक्याने थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर शिवावीत. पवित्र शास्त्रातील तो उंबर आपल्या नाल्याकाठच्या उंबराचा सगोत्र आहे आणि दोघांनाही फळे अशीच खोडालगत लागतात. त्यामुळे आमच्या मुलांनी ते झाड पाहताच ओळखले.

पानांचे काम सर्वस्वी मुलांवर सोपवावे. जुन्या सुती लुगड्यांचे आणि ब्लाउजपीसचे हिरवे तुकडे दुपदरी करून, मधे बारीक तार घालून मुली पाने शिवतात, मुले ती कापतात, आणि पोपटी, गर्द, पिवळसर अशा जितक्या छटा येतील तितके चांगले. एका लहान मुलीने सगळ्या पानांना एक-एक कुरतडलेले भोक पाडले होते. विचारल्यावर म्हणाली, ‘‘बाई, अळी नाही का खात?’’ ती भोके आम्ही तशीच ठेवली आणि खरेच त्या पानांमध्येच झाडाला अधिक जिवंतपणा आहे. ही पाने फांदीवर एक-एक बांधू नयेत. सुती दोरीच्या हातभर जाळ्या करून त्यांवर ती टाचावीत आणि जाळी फांदीवर अंथरावी, म्हणजे उंबर काढून अंजीर लावायला थोडा वेळ पुरतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्यांच्या रोपवाटिकांतील फाटके शेडनेट सहज मिळते आणि जाळीसाठी ते सोयीचे दिसते. तथापि ते प्लास्टिक असल्यामुळे पेटल्यास वितळून थेंब थेंब खाली पडते. मुले ज्याच्याखाली उभी राहणार त्या झाडात ते नकोच.

फांद्यांसाठी वरच्या भागाच्या आत पाइपाचे तुकडे तिरके बांधून घ्यावेत आणि फांदीचे बूड त्यात घट्ट बसेल असे तासावे. कोणती फांदी कोणत्या पाइपात जाते याची खूण रंगीत दोऱ्याने केली की दुसऱ्या गावच्या लोकांनाही झाड उभारता येते. पुढे जितक्या फांद्या तितक्याच मागेही असाव्यात, नाहीतर झाड पुढे झुकते.

येथून पुढचे दोन मुद्दे मात्र कोणीही सैल धरू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे. पहिला मुद्दा झाड पडण्याचा. नऊ फुटांच्या झाडाला निदान साडेचार फुटांचा पाया हवा. जाड फळ्यांची फुली करून तिच्या मध्यावर मानवेलीचा दांडा पक्का करावा, दांडा खोडाच्या आतून वरपर्यंत न्यावा आणि फुलीच्या चारही पायांवर वाळूची पोती ठेवून त्यांवर झाडाच्या मुळांच्या आकाराची भरलेली तागी पोती घालावीत. एवढे केले तरी कोणत्याही मुलाचे वजन या झाडावर पडता कामा नये. जक्कयासाठी झाडाच्या मागे, त्याला न जोडता, रंगाऱ्यांकडे असते तशी भक्कम घोडी उभी करावी, तिच्यावर साडेतीन फुटांवर फळी व मागे कठडा असावा, आणि प्रसंग संपेपर्यंत एका मोठ्या माणसाने ती धरून खाली बसावे. समोरून पाहणाऱ्याला मुलगा फांदीवर बसल्यासारखाच दिसतो. एका गावी बापांच्या आग्रहाने मूल थेट फांदीवर बसवले गेले, झाड त्याच्यासह कलंडले, आणि पहिल्या रांगेतील लोकांनी हात दिले म्हणून निभावले. अशा हाताच्या भरवशावर कार्यक्रम करू नये.

दुसरा मुद्दा आगीचा. आमच्या कार्यक्रमांत मेणबत्त्या असतात, वीज गेली की कंदीलही येतात, आणि वाळलेला ताग व सुती कापड पेटायला क्षण लागत नाही. त्यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे: १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ३०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात पानांच्या जाळ्या भिजवाव्यात, तेच पाणी सालीच्या पोत्यांनाही रंगाआधी भरपूर पाजावे आणि सारे पूर्ण वाळू द्यावे. असे कापड ज्वाला धरून ठेवत नाही, काळे पडते आणि विझते; शिवाय टाकणखारामुळे बांबूला भुंगा लागण्याचे प्रमाणही घटते. हे काम मोठ्यांनीच करावे. कापड धुतले किंवा पावसात भिजले तर हा गुण निघून जातो, म्हणून प्रत्येक हंगामाआधी एका सुट्या पानाला बाहेर अंगणात काडी लावून पाहावी. उपाय केला म्हणून मेणबत्ती झाडाजवळ आणावी असे नव्हे, आणि तापणारे हॅलोजन दिवेही झाडापासून सहा-सात फूट दूरच असावेत.

झाड टिकवण्याची खरी परीक्षा जानेवारीत सुरू होते. ठेवण्याची जागा आधी ठरवावी आणि झाड मागाहून करावे, इतके मला या गोष्टीचे महत्त्व वाटते. एकात एक घातलेले खोड विटांवर, जमिनीपासून वर आणि भिंतीला न लागता ठेवावे, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. जाळ्या कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सुती चादरीत गुंडाळून आढ्याला टांगाव्यात. पावसाळा सरल्यावर सारे एकदा उन्हात पसरावे. बोल्ट, नट आणि रंगीत दोऱ्यांचा तक्ता एका डब्यात, आणि झाड कोणी नेले, केव्हा परत आणले, काय मोडले याची वही पाळकसाहेबांकडे ठेवावी. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथून निघणाऱ्या, पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात, एका गावचा खेळ आटोपून पुढच्या गावी सारे सामान उभारतात. त्यांच्या सामान बांधणाऱ्या माणसाशेजारी तासभर उभे राहिले तरी सुटे करणे, बांधणे आणि गाडीवर चढवणे यातले पुष्कळ शिकायला मिळते.

मे महिन्यातील सुट्टीतील बायबल शाळा आणि नाताळ एवढ्यापुरतेच हे झाड अडवून ठेवू नये असेही मला मनापासून वाटते. आमच्या गावी जिल्हा परिषद शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते गेले आहे. बुद्धपौर्णिमेला विहारातील मुलांच्या नाटुकलीसाठी त्याच खोडावर पिंपळाच्या पानांची जाळी चढली, आणि ती पाने विहारातील मुलांनी स्वतः कापून-शिवून कायमची आमच्याकडे ठेवायला दिली. आमच्यासारख्या मूठभर घरांच्या मंडळीला एवढी मोठी वस्तू एकटीने सांभाळणे जड जाते. ती गावाची झाली की ट्रॉली मिळते, चार हात मिळतात, आणि डागडुजीची काळजीही वाटली जाते.

ज्या मंडळ्यांना किंवा शाळांना हे झाड पाहायचे असेल त्यांनी आपल्या पाळकांमार्फत आमच्या मंडळीकडे निरोप द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते उभारून, सुटे करून दाखवू आणि मापांचा कागदही देऊ. त्यानंतर कापसाची वेचणी जोरात सुरू होते आणि गावात मोकळा माणूस सापडत नाही, म्हणून होईल तितके लवकर कळवावे. बुरड कारागिराची मजुरी मात्र कोणी सेवा म्हणून मागू नये. ती आधी ठरवावी आणि काम होताच पूर्ण हाती द्यावी.

आपली विश्वासू,
एक संडे स्कूल शिक्षिका
ता. अचलपूर, जि. अमरावती